न्हाण आणि लग्न यांच्यामधली वर्षे

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा पडलेला असतो, आजीपासून नातीपर्यंत साऱ्यांचे तेलकट हात त्याला लागतात. अशा अंकात मुलामुलींना शाळेत शरीरधर्माचे शिक्षण द्यावे की नाही, याची चर्चा शोभते काय? मला वाटते, शोभते. जो अंक आजी, आई आणि नात अशा तिघी एकाच आठवड्यात वाचतात, त्याहून या विषयाला योग्य जागा दुसरी नाही. कारण हा प्रश्न मुळात या तिघींच्यामध्येच अडकून पडलेला आहे. घरातले पुरुषही वाचतील तर बरेच. त्यांचाही त्यात वाटा आहे, तो पुढे येईलच.

मी वळ गावात शिकवते. भिवंडी तालुक्यातले हे गाव. माझ्या लहानपणी इथे पावसाळ्यात भाताची खाचरे हिरवीगार दिसत. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांची पत्र्याची छपरे दिसतात, आणि रात्रंदिवस ट्रक उभे असतात. माझ्या छोट्या शाळेत गावातल्या आगरी घरांतली मुले आहेत, तशीच गोदामांत माल चढवायला-उतरवायला दूरदूरहून आलेल्या कुटुंबांचीही आहेत. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मला लेखिका म्हणतात, पण पोट आणि मन दोन्ही भरते ते या मुलांवर.

गेल्या श्रावणात सहावीतली एक मुलगी बारा दिवस शाळेत आली नाही. हुशार पोर, पाढे असे म्हणायची की ऐकत राहावे. तिच्या घरी गेले. एकाच खोलीचे बिऱ्हाड. आई गोदामात खोकी भरायच्या कामावर गेलेली. मुलगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी धरून बसली होती. मी जवळ बसले तरी बराच वेळ बोलेना. मग एकदम म्हणाली,

"बाई, मी मरणार का?"

तिला न्हाण आले होते. बारा दिवसांपूर्वी. तिला वाटले, आपल्याला आतून काहीतरी फुटले आहे. आईने धुणे पाहिले होते, पण आई एवढेच म्हणाली होती, "आता मुलांशी बोलायचं नाही." या दोन गोष्टींचा संबंध काय, हे त्या पोरीने बारा दिवस डोके खाजवून शोधले, आणि शेवटी ती मरणाच्या निष्कर्षाला येऊन पोहोचली.

मी तिला जे सांगायचे ते सांगितले. सांगायला फार तर पाव तास लागला. परत येताना मात्र मला माझीच लाज वाटत होती. कारण मुलगी सहावीत आहे, वर्गात तिच्यासारख्या आणखी नऊ-दहा आहेत, आणि मी त्यांना हा पाव तास कधी दिला नव्हता.

मला कोणी दिला होता? मी शाळेत होते तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननावर एक धडा होता. तो आला त्या दिवशी गुरुजींनी पुस्तक मिटले आणि म्हणाले, "हा सोपा आहे, घरी वाचून घ्या." मागच्या बाकावर खसखस पिकली. आम्ही मुलींनी माना खाली घातल्या. त्या धड्याची पाने सबंध वर्गाच्या पुस्तकांत सर्वांत मळलेली होती आणि सर्वांत कमी समजलेली. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाही कोणी दिला नव्हता तो पाव तास.

आणि तरीही, आमच्या घरी हा विषय नेहमीच असा तोंड शिवलेला होता असे मुळीच नाही. माझ्या आजीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास कळायचा नाही.

आजीचे लग्न बाराव्या वर्षी झाले. न्हाण आले ते सासरी. ही गोष्ट लपवली गेली नाही. उलट साऱ्या आळीला कळवली गेली. तिला मखरात बसवले. केळीचे खांब, नवे हिरवे लुगडे, डोक्यात फुले. बायका आल्या, ओटी भरली, साखर वाटली. गाणी झाली, आणि गाण्यांतून व थट्टेतून मोठ्या बायकांनी जे सांगायचे ते सगळे सांगून टाकले. आजी म्हणायची, "मला काही कळत नव्हतं, पण घाबरायला कुणी वेळच दिला नाही गं." आज आपण ज्याला चारचौघांत उच्चारायचे नाही म्हणतो, त्याचा तिच्या काळी सोहळा होत होता.

म्हणजे जुने लोक शहाणे आणि आपण वेडे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्या मखराची किंमत फार मोठी होती. मखरातून उठलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला थेट नवऱ्याच्या खोलीत पाठवीत. ते शिक्षण होते खरे, पण ते लग्न झालेल्या मुलीचे शिक्षण होते. न्हाण आणि लग्न यांच्यामध्ये अंतर नव्हतेच. असले तर उलटे, लग्न आधी आणि न्हाण मागून. त्यामुळे 'अविवाहित मुलीला हे कोणी सांगावे?' हा प्रश्न त्या समाजाला कधी पडलाच नाही. आपल्याला तो पडतो, याचे कारण आपण बिघडलो हे नव्हे. आपण गेल्या दीडशे वर्षांत मुलींचे लग्न पुढे ढकलले, हे त्याचे कारण आहे. तो इतिहास थोडक्यात पाहू.

१८६० च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचे वय १० वर्षे होते. नवऱ्यालाही तेच लागू. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची अकराएक वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या हातून मरण पावली, तेव्हा देश हादरला. त्याआधी काही वर्षे मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी झालेले लग्न मला मान्य नाही, नवऱ्याकडे जाण्यापेक्षा मी तुरुंगात जाईन, असे त्या बाई कोर्टात म्हणाल्या; पुढे त्याच विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. दोनच वर्षे वाढली, पण महाराष्ट्रात केवढे रण माजले! लोकमान्य टिळकांसारखा पुरुष विरोधात उभा राहिला. विरोधकांचे म्हणणे असे, की पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान संस्कार ठरल्या वेळी झाला पाहिजे. परक्या सरकारने त्यात हात घालू नये. आगरकर दुसऱ्या बाजूला होते. ते भांडण आज आपण शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत वाचतो. परंतु त्या कायद्याने न्हाण आणि संसार यांच्यामध्ये पहिली फट पाडली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग फट रुंदावत गेली. १९२९ चा सारडा कायदा १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरले. १९४९ मध्ये ते १५ झाले, १९७८ मध्ये १८, मुलग्याचे २१. कायदे मोडणारे होते आणि आहेत, तरी एकंदरीत समाज त्या मागोमाग चालत आला. आता गणित मांडा. न्हाण बारा-तेराव्या वर्षी. लग्न अठराच्या पुढे, बहुतेक घरांत वीस-बाविसाच्याही पुढे. म्हणजे मधे किमान पाच-सहा वर्षे, पुष्कळदा दहा. ही वर्षे आपल्या समाजात पूर्वी अस्तित्वातच नव्हती. सुधारकांनी ती मुलींना मिळवून दिली, आणि मुलींनी ती कोठे घालवावी म्हणून शाळा काढून दिल्या. मखर गेले, हे चांगलेच झाले. पण मखराबरोबर जे सांगितले जात होते, ते सांगण्याचे काम कोणाकडे गेले? कोणाकडेच नाही. मखर उठले आणि जागा रिकामी राहिली.

ही रिकामी जागा महाराष्ट्रात ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट पाहिली, तोही एक मास्तरच होता, आणि तोही गणिताचा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा हा थोरला मुलगा. १८९१ साली, म्हणजे संमतिवयाचे रण ज्या वर्षी पेटले त्याच वर्षी, रघुनाथची आई राधाबाई बाळंतपणात वारली. मुलगा नऊ वर्षांचा. पुढे वडिलांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला, पुण्यात वाळीत पडल्यासारखे दिवस काढले, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ स्थापले. वडिलांनी मुलींना शाळेची वर्षे दिली, असे म्हटले तर चुकणार नाही. त्या वर्षांत शरीराचे काय करायचे, हा प्रश्न मुलाने उचलला. बापलेकांची कामे लोकांना परस्परविरोधी वाटली. मला ती एकाच कामाची दोन टोके वाटतात.

रघुनाथराव बुद्धीने तल्लख. मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आलेले. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आले, आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला तो याच वर्षी, मार्चमध्ये. विलायतेत एखादी गोष्ट निघाल्यावर तीस वर्षांनी ती आपल्याकडे यायची, असा तो काळ. ही एक गोष्ट मात्र त्याच वर्षी आली. १९२३ मध्ये त्यांनी 'संततिनियमन : विचार व आचार' हे पुस्तक लिहिले. कॉलेजच्या चालकांना हे रुचले नाही. हा प्रचार किंवा ही नोकरी, यांतले एक निवडा, असा पेच आला, आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली.

मला या जागी नेहमी थांबावेसे वाटते. महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाची सुरुवात एका शिक्षकाने केली, आणि पहिल्याच पावलाला तो शिक्षक शिक्षणसंस्थेच्या बाहेर गेला. तेव्हापासून हा विषय शाळेच्या दाराबाहेर उभा आहे, तो अजून पुरता आत आलेला नाही.

बाहेर राहून कर्व्यांनी काय केले? १५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लिहायचे बहुतेक त्यांनीच, मुद्रिते तपासायची त्यांनीच, पोस्टात टाकायचे त्यांनीच. पत्नी मालतीबाई पाठीशी. दोघांनी मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले होते. प्रचार लोकांना करायचा आणि घरी वेगळे वागायचे, हा प्रकार त्या घरात नव्हता. मासिकाला जाहिराती नव्हत्याच म्हटले तरी चालेल, आणि वर्गणीदार मोजके. मुखपृष्ठावर ते पुष्कळदा नग्न स्त्रीचे चित्र छापीत. शरीराची लाज जावी हा हेतू. त्यामुळे झाले असे, की ज्या आईच्या हातात हे मासिक पडायला हवे होते, तिला ते घरात आणता येईना. असला हट्ट त्यांच्यात होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्या मासिकाचा खरा प्राण म्हणजे वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे. लोक नाव न घालता विचारीत. तरुणांच्या मनात वैदूंनी आणि भिंतीवरच्या जाहिरातींनी वीर्यनाशाची जी भीती बसवली होती, तिने कित्येक जण खंगत होते. कर्वे त्यांना शास्त्र सांगून निर्धास्त करीत. सहा बाळंतपणांनी थकलेल्या बायकोची काळजी असलेला नवरा विचारी. गुप्तरोगाची लाज वाटून डॉक्टरकडे न जाणारा विचारी. उत्तर चार ओळींचे, कोरडे, नेमके; गणिताच्या मास्तराने फळ्यावर रीत करून दाखवावी तसे. मला तर ते सदर म्हणजे न भरलेली एक मोठी शाळाच वाटते. वर्ग नाही, घंटा नाही, विद्यार्थ्यांची नावे हजेरीपटावर नाहीत. पण प्रश्न आहेत आणि उत्तर देणारा आहे.

ही उत्तरेच त्यांना कोर्टात घेऊन गेली. पहिला खटला १९३१ चा, 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावर. दंड शंभर रुपये. दुसरा १९३४ चा, आणि तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. मुंबईच्या हायकोर्टात कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो काळ त्यांच्या आयुष्यातला केवढा धामधुमीचा! गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपलेल्या, पुणे करार होऊन दोनच वर्षे झालेली, काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून चालू. अशा वेळी त्यांनी हा अप्रिय खटला हातात घेतला. त्यांचा मुद्दा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, असे होत नाही. मासिक या विषयाचे ज्ञान देण्यासाठी आहे, वाचक त्याबद्दल विचारतात, मग उत्तर का देऊ नये? प्रश्न विकृत असेल तर ती विकृती जाण्याचा उपाय ज्ञानाशिवाय दुसरा कोणता? न्यायालयाने हे ऐकले नाही. कर्वे हरले, दंड दोनशे रुपये. पुढे १९३८ साली आंबेडकरांच्याच पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही पडला.

त्याच सुमारास गांधीजींची भूमिका काय होती, हेही पाहण्यासारखे आहे. कृत्रिम साधनांना त्यांचा कडक विरोध. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला येऊन त्यांच्याशी वाद घालून गेल्या, तरी ते हलले नाहीत. म्हणून त्यांचे नाव घेऊन आज पुष्कळ जण शाळेतल्या या शिक्षणाला विरोध करतात. परंतु १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिले ते वेगळेच आहे. वासना चेतवणारे ज्ञान घातक. पण तिच्यावर ताबा मिळवायला शिकवणारे ज्ञान मुलांच्या शिक्षणाचा आवश्यक भाग आहे, असा त्यांचा आशय होता. शिकवणाराही स्वतः संयमी हवा, अशी अट त्यांनी घातली. कर्वे आणि गांधी यांचे दुसऱ्या कशावर एकमत झाले नसते. मुलांना अज्ञानात ठेवू नये, एवढ्यावर झाले. हे एवढेच मला पुरे आहे.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ ला गेले. त्या नोव्हेंबरात मासिकही संपले. सव्वीस वर्षे चालले. वडील मागे होते; १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या. आणि गंमत पाहा: ज्या गोष्टीपायी कर्व्यांची नोकरी गेली, ती सरकारने १९५२ मध्येच राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली होती. कर्व्यांच्या सहकारी शकुंतलाबाई परांजपे विधान परिषदेत आणि पुढे राज्यसभेत गेल्या. लाल त्रिकोण एस्टीच्या गाड्यांवर, दवाखान्यांच्या भिंतींवर झळकला. दोन मुले पुरेत, हे निरक्षर माणसालाही ठाऊक झाले. जे लग्न झालेल्यांना सांगायचे, ते सरकार ओरडून सांगू लागले. न झालेल्यांना? त्यांच्यासाठी पुन्हा तेच, "घरी वाचून घ्या."

त्याच काळात, १९५५ मध्ये, स्वीडनने हे शिक्षण शाळांतून सक्तीचे केले. आपल्याकडे ते यायला आणखी पन्नास वर्षे लागली, आणि यायला निमित्त झाले एड्सच्या भीतीचे. २००५ साली केंद्र सरकारने पौगंडावस्थेतील मुलांसाठी अभ्यासक्रम आखला, नववी आणि अकरावीसाठी. पुस्तकातली चित्रे पाहून ठिकठिकाणी संताप उसळला. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो अभ्यासक्रम थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांनीही तसेच केले. कर्व्यांच्या राज्यात हे व्हावे, याचे तेव्हा अनेकांना वाईट वाटले. मला आज वाटते ते वेगळे. चित्रे भडक असतील. ती बदलता आली असती. पण चित्रांबरोबर प्रश्नच बाहेर टाकले गेले. त्यानंतर २०१२ मध्ये मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा आला. कायदा म्हणतो, मुलाने सांगितले पाहिजे. ज्या अवयवाचे नाव घेणेच मुलाला पाप म्हणून शिकवले, त्याबद्दल ते सांगणार कोणत्या शब्दांत? २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा शिक्षणाची गरज निकालात नोंदवली. २०२५ च्या ऑक्टोबरात तर, नववीपर्यंत थांबू नका, आधीपासून सांगा, असे म्हटले. १९३४ मध्ये कोर्टाने उत्तर देणाऱ्याला दंड केला होता. नव्वद वर्षांनी कोर्टच उत्तर द्या म्हणते आहे.

आता विरोध करणाऱ्यांचे म्हणणे. ते मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते माझ्या गावातलेच आहेत आणि त्यांची मुले माझ्यापाशी आहेत. श्रावणातल्या त्या प्रकारानंतर मी पालकांची सभा घेतली. एक आजोबा उठले. आयुष्यभर शेती केलेला, सरळ माणूस. म्हणाले, "बाई, हे आईबापांनी सांगायचं. शाळेनं कशाला?" मी म्हटले, "बाबा, तुम्ही बरोबर बोलताय. तुमच्या घरात कुणी सांगितलं?" ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग बसले. मला त्यांना गप्प करायचे नव्हते. मला खरेच विचारायचे होते.

दुसरा आक्षेप असा, की सांगितल्याने मुलांना नको त्या वयात नको ती ओढ लागेल. जगभरच्या अनेक अभ्यासांचा युनेस्कोने आढावा घेतला, त्यात असे काही दिसून आले नाही. पण वळमध्ये मला युनेस्कोची साक्ष लागत नाही. इथल्या सातवीतल्या मुलाच्या हातात बापाचा मोबाईल असतो. त्यात तो काय पाहतो, हे मला त्यांच्या आपसातल्या बोलण्यावरून कळते. तो जे पाहतो त्यात बाई ही माणूस नसते. त्याला शिक्षण मिळतेच आहे. फक्त देणारा कोण, एवढाच प्रश्न उरला आहे. पूर्वी भिंतीवरच्या वैदूच्या जाहिराती होत्या, आता हा चौकोन आहे. मुलग्यांचा वाटा पुढे येईल असे मी वर म्हटले, तो हाच. पोरीला न्हाण येते तेव्हा निदान आईला धुणे तरी दिसते. पोराचे बदल कोणालाच दिसत नाहीत, आणि बाप त्याच्याशी परीक्षेच्या मार्कांखेरीज दुसरे काही बोलत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांबद्दलचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. वाईट शिक्षकाने हा विषय शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा. गांधीजींची अट उगीच नव्हती. शिवाय सहावीच्या वर्गात 'समाजस्वास्थ्य' वाचून दाखवायचे, असेही कोणी म्हणत नाही. प्रौढांच्या नीतीविषयी कर्व्यांची मते फार पुढची होती. ती मान्य करा वा करू नका, मुलांच्या धड्याशी त्यांचा संबंध नाही. मुलांना सांगायचे ते थोडेच आहे. शरीराच्या भागांची नावे. कोणत्या वयात काय होते, आणि त्यात रोग नाही, पाप नाही. कोणी नको तसा हात लावला तर कोणाला सांगायचे. आणि समोरच्याला नको असेल तेव्हा आपला हात मागे घ्यायचा. एवढे सांगायला गांधीजींइतका संयम लागत नाही. चेहरा सरळ ठेवून बोलता आले म्हणजे झाले. हे मीही अजून शिकतेच आहे. पहिल्या दिवशी माझा आवाज कापला होता.

सभेत शेवटी असे ठरले, की दर शनिवारी शेवटच्या तासाला मी मुलींशी बोलावे आणि गावातल्या आरोग्य सेवकांनी मुलग्यांशी. काही पालकांनी नकार दिला. त्यांच्या मुलांना त्या तासाला मैदानावर सोडते. त्यांतली दोन आता खिडकीशी येऊन उभी राहतात. मी त्यांना हाकलत नाही आणि आत बोलावतही नाही. त्यांच्या आईबापांना शब्द दिला आहे. खिडकी मात्र मी बंद करीत नाही.

वर्गाच्या दाराशी एक डबा ठेवला आहे, मागच्या दिवाळीतला चकलीचा. झाकणाला फट पाडली आहे. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. ही कल्पना माझी नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पहिल्या शनिवारी डब्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या, दुसऱ्या शनिवारी अकरा. काही थट्टेच्या असतात. बहुतेक नसतात. मी उत्तरे देते. येत नसेल ते सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून पुढच्या शनिवारी देते.

ती पाढे म्हणणारी मुलगी परत येऊ लागली आहे. पहिल्या चाचणीत तिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले.

दिवाळीच्या सुटीआधीच्या शनिवारी डब्यात जी चिठ्ठी निघाली, तिचे उत्तर मात्र मला देता आले नाही. अक्षर तिचेच असावे असे वाटते, पण मी विचारलेले नाही. चिठ्ठीत लिहिले होते : "बाई, तुम्ही सांगितलेलं मी घरी आईला सांगितलं तर ती रागावेल का? तिला पण माहीत नाहीये."